तासाला सहाशे

मशीन टेम्पोतून उतरलं शनिवारी दुपारी तीन वाजता, आणि सव्वातीनला अहमदमिया होडेकरांनी जाहीर केलं की आपल्या पोरीच्या लग्नात आपण उपाशी राहणार.

"लोखंडाच्या पोटातून आलेली भाकरी मी खाणार नाय," ओट्यावरच्या खुर्चीतून ते सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "पाहुण्यांना काय ते घाला. मना दोन केळी द्या."

"केळी कच्ची हायत," मासूमा म्हणाली. उद्या सकाळी आयातचा निकाह, घरात नऊशे माणसांचं जेवण, आणि नवरा केळी मागतोय. अडतीस वर्षांच्या संसारात तिने एवढं शिकून घेतलं होतं, की अहमदमियांचा उपास हा त्यांच्याच नाकाला बिर्याणीचा वास लागेपर्यंत टिकतो. तिने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

लक्ष द्यायला दुसरंच होतं. मांडवीच्या त्या अंगणात, मांडवाच्या खांबांमधून वाट काढत सहा गडी ते धूड आत आणत होते. दोन कपाटं आडवी जोडावीत एवढं लांब, सगळं स्टीलचं, वरून प्लास्टिक गुंडाळलेलं. गुहागरहून आलेल्या खालांनी लगबगीने आपली चादर आवरली, चष्मा लावला आणि विचारलं, "ह्यात किती किलो कपडे मावतात रे?"

सगळं अंगण हसलं. अद्नानही हसला. मासूमाचा हा थोरला मुलगा बुधवारीच मस्कतहून आला होता. तिथे एका मोठ्या भटारखान्यात तो तेरा वर्षं काम करत होता. त्याने हौसेने प्लास्टिक फाडलं आणि मेव्हण्यांच्या, चुलत्यांच्या, आल्यागेल्या पाहुण्यांच्या घोळक्यात उभा राहून हातवारे करत सांगायला लागला. इथे वरून उकड टाकायची. इथे गोळा पडतो, दाबला जातो, गोल होतो. मग जाळीच्या पट्ट्यावरून आत जातो, खाली गॅस, वर गॅस. आणि इथून भाकरी बाहेर. तांदळाची. फुगलेली.

"किती?" बुरोंडीहून आलेल्या कुणीतरी विचारलं.

"तासाला सहाशे."

सहाशे हा आकडा अंगणभर फिरला. कुणी शिट्टी वाजवली. आणि नेमकी तेव्हाच अहमदमियांची धाकटी बहीण, पोरांची फुफू, इफ्फत फाटकातून आत आली, डोक्यावर पराती, मागे तिच्या हाताखालची काशी आणि काशीच्या हातात पाटांची चळत. घोळका आपोआप बाजूला झाला.

इफ्फत बावीस वर्षं लग्नांच्या भाकऱ्या भाजत होती. नवरा गेला तेव्हा तिने पहिली चूल मांडली ती पोटासाठी. आता तिच्या हाताखाली तेरा बायका होत्या, आणि राजिवड्यापासून कर्ल्यापर्यंत लग्नाची तारीख ठरवायची तर आधी काझींना विचारत आणि मग इफ्फतला. तिने पराती खाली ठेवल्या. मशीनभोवती एक पूर्ण फेरी मारली. बोटाच्या पेराने ठक्‌ठक्‌ करून पाहिलं, मडकं घेताना वाजवून बघावं तसं.

"बसायचं कुठे?" तिने विचारलं.

"बसायचं नाय फुफू," अद्नान म्हणाला. "उभं राहायचं. दोघांनी फक्त. एकाने उकड टाकायची, एकाने भाकऱ्या उचलायच्या."

"दोघांनी," इफ्फत म्हणाली. "आणि आम्ही चौदा जणी?"

अद्नानच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. इफ्फतने त्याच्याकडून नजर काढून मासूमाकडे वळवली.

"भाबी, बायकांना उद्या यायला सांगू की नको, तेवढं बोल. काशीला पहाटे पाचची एसटी पकडावी लागते."

मासूमाला एक गोष्ट ठाऊक होती जी त्या अंगणात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. बुधवारी, पोचल्या पोचल्या, स्वयंपाकघरात पाण्याचा तांब्या हातात घेऊनच अद्नान तिला म्हणाला होता, "अम्मी, मी राजीनामा लिहून दिलाय. परत जायचं नाय मना." त्याची पाच वर्षांची मुलगी, 'तुझे अब्बा कुठे?' म्हटलं की बोट दाखवायची ते मोबाइलकडे. तो घरी आल्यावरही पहिले दोन दिवस ती त्याच्यासमोर न जाता आतल्या खोलीत फोन घेऊन बसली होती. उद्या नऊशे माणसांच्या डोळ्यांदेखत मशीन चाललं तर कामं आपोआप येतील, असं त्याचं गणित होतं. आणि नाही चाललं तर? मस्कतच्या साहेबाने राजीनामा महिनाअखेरपर्यंत टेबलावरच ठेवला होता. मन बदललं तर ये, म्हणाला होता.

म्हणजे ते धूड चाललं तर मासूमाचा मुलगा घरी राहणार होता. आणि ते चाललं तर इफ्फत घरी बसणार होती.

"सगळ्यांना यायला सांग," मासूमा म्हणाली. "अर्ध्या भाकऱ्या चुलीवर, अर्ध्या मशीनवर. लग्न माझ्या पोरीचं हाय, पाहुण्यांच्या पोटात दोन्ही मावतील."

"वा! अर्धं-अर्धं," अहमदमिया ओट्यावरून म्हणाले. "माझी खुर्ची चुलीकडल्या अर्ध्यात न्या."

*

रविवारी पहाटे फजरच्या नमाजानंतर अंगणात जे काही सुरू झालं त्याला स्वयंपाक म्हणणं अवघड होतं. एका बाजूला दगडांच्या सात चुली, प्रत्येकीवर दोन बायका, थापण्याचे ते टाळ्यांसारखे आवाज आणि धूर. दुसऱ्या बाजूला मशीन, अद्नान, आणि वायरीत गुरफटलेला त्याचा शाळूसोबती संदेश, ज्याने रातोरात विजेची जोडणी केली होती. मधल्या मोकळ्या जागेत पाहुणे. गुहागरवाले चुलीच्या बाजूचे. बुरोंडीवाले मशीनच्या बाजूचे, कारण बुरोंडीवाले गुहागरवाल्यांच्या बाजूला कधीच नसतात. नवरदेवाचे चाचा आणि आणखी एक जण निरोप घेऊन आले ते निरोप द्यायचा विसरून तिथेच उभे राहिले. आयात, कोपरापर्यंत मेंदी, हात पुढे धरलेले, वरच्या खिडकीतून अर्धी बाहेर लटकून ओरडत होती, "मला दिसत नाय! संदेशदादा, जरा बाजूला हो ना!"

"सुरू!" अद्नान म्हणाला.

मशीन घरघरलं. पट्टा हलला. सगळे पुढे सरकले. आणि मशीनच्या तोंडातून पहिली भाकरी बाहेर आली ती तीन तुकड्यांत. दुसरी पाच तुकड्यांत. तिसरी आलीच नाही. ती आत कुठेतरी चिकटली आणि तिचा जळका वास मात्र आला. मग एकदम पंधरा-वीस आल्या, चिंध्या झालेल्या.

"हे काय, वेफर करतोस काय रे?" गुहागरच्या खालांनी विचारलं.

चुलींच्या बाजूने असा हशा उसळला की दोन भाकऱ्या तव्यावरच करपल्या. काशी तर पाटावरून मागे कोसळली. अद्नानने मशीन बंद केलं, मोबाइलवर कुणाचा तरी समजावणीचा व्हिडिओ लावला, पाणी मापाच्या पेल्याने मोजलं, पुन्हा उकड घातली. पुन्हा चिंध्या. तिसऱ्यांदाही चिंध्या. त्याच्या शर्टाची पाठ भिजून गेली. हसणारे हसतच होते, पण मासूमाने पाहिलं, की चौथ्यांदा पेला भरताना त्याने मान वर केली नाही.

"बघितलंत?" अहमदमियांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "हात तो हात! भाकरीला माणसाचा हात लागलाच पाहिजे."

मासूमाचा तोल गेला तो तिथे.

"कुणाचा हात?" ती पदर खोचून त्यांच्यापुढे उभी राहिली. "तुमचा? अडतीस वर्षं तुम्ही भाकरी खाताय, एकदा तरी तव्याला हात लावलात? माझं मनगट बघा. रात्री उशीखाली घेतल्याशिवाय झोप येत नाय. इफ्फतचे डोळे बघा, धुराने कसे झालेत ते. हाताची गोडी तुम्हाला, आणि हात आमचे! चला, उठा. बसा त्या पाटावर."

"मी?"

"तुम्ही. आणि हे दुल्हेमियांचे चाचा, तेही. आणि बुरोंडीवाले उभे राहून काय बघताय? बसा सगळे!"

कोण कुणाला काय म्हणतंय हे कळायच्या आत सात पाटांवर सात पुरुष बसवले गेले. बायका उठून मागे उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून, आणि एवढा आनंद त्या अंगणाने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. दुल्हेमियांच्या चाचांचा गोळा परातीला चिकटला आणि तो ओढताना परातच हातात आली. बुरोंडीच्या एकाने भाकरी तव्यावर टाकली ती तव्याच्या पलीकडे, चुलीत. अहमदमियांनी जीभ दातांत धरून, पिठीत कोपरापर्यंत माखून, दहा मिनिटं खपून एक भाकरी थापली. काशीने वाकून निरखून पाहिली.

"मियाभाय, हा कुठला देश?"

"थांब गो, भाजल्यावर गोल होते ती," अहमदमिया म्हणाले आणि ती उलटायला गेले, उलथण्याने नव्हे, इफ्फत करायची तशी बोटांनी. पुढचा शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात गिळला, कारण अंगणात लहान मुलं होती.

मासूमाने त्यांना ओट्यावर नेऊन बसवलं आणि थंड पाण्याच्या पेल्यात त्यांची बोटं बुडवली. मागे हसण्याचा कल्लोळ चालूच होता. अहमदमिया मात्र हसत नव्हते. पेल्यातल्या बोटांकडे बघत म्हणाले,

"तुना वाटतं मी मस्करी करतो. मी मस्करी नाय करत, मासूमा. कंटेनर आले तेव्हा पहिल्या वर्षी आम्ही बोटीवर टाळ्या वाजवल्या होत्या. आठ दिवस माल उतरवायला लागायचे, ते काम आठ तासांत. आम्ही म्हणालो, काय मजा! पाठ मोडायची बंद झाली. तिसऱ्या वर्षी पन्नास जणांची बोट वीस जणांवर आली. मी एक्कावन्न वर्षांचा होतो. खलाशांचा सारंग होतो. माझं काम गेलं त्याचं नाय एवढं. पण एकाने तरी विचारायचं ना, की बाबा, हे नवं यंत्र तू शिकतोस काय? कुणी विचारलं नाय. आता इफ्फतला कोण विचारणार? आपलाच पोरगा तिला म्हणतो, दोघे पुरे."

मासूमाने त्यांची बोटं पाण्यातच धरून ठेवली. ही गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांत अशी कधी सांगितली नव्हती. बोटीवरून आलेल्या वर्षी ते सगळ्यांना सांगत फिरायचे, की दर्याचा कंटाळा आला म्हणून बोट सोडली.

"पोरगा मस्कतला परत जात नाय," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय?"

"राजीनामा दिलाय त्याने. हे मशीन चाललं तर तो इथेच राहील. नाय चाललं तर महिनाअखेरीला जाईल, आणि मग आपल्या जनाज्याला तरी पोचतो की नाय, अल्ला जाणे."

अहमदमियांनी पेल्यातून बोटं काढली. ती निथळत होती. त्यांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा चुलींकडे, आणि मग बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचा तो जुना आवाज काढून ओरडले, "इफ्फत!"

"ओरडू नको, भाईजान," इफ्फत ओट्याच्या पायरीशीच उभी होती. "मी ऐकलंय सगळं. इथे कुठे गुपितं राहतात." तिने ओढणीच्या टोकाने कपाळ पुसलं. "उकड चुकलीय त्याची. तांदूळ यंदाचा हाय, नवा. नव्या तांदळाला त्या पेल्याएवढं पाणी घातलं की झालं, चिखल. मना पहिल्या घाण्याच्या वासालाच कळलं."

"मग बोलली का नाय गो?" मासूमा म्हणाली.

"का बोलू?" इफ्फतचा आवाज चढला नाही, पण जवळच्या दोन बायका हसायच्या थांबल्या. "भाबी, अद्नान माझ्या मांडीवर वाढलाय. तो घरी आला तर मी शुक्राना नमाज पढेन. पण तुझा पोरगा घरी येणार म्हणून माझ्या तेरा बायकांनी घरी जायचं? काशीच्या सानिकाची नर्सिंगची फी ह्याच हातांवर चाललीय. माझ्याच हाताने मी त्यांची चूल विझवू?"

मासूमाला मशीन चालावं असं मनापासून वाटत होतं आणि इफ्फतचा शब्दन्‌शब्द खरा होता. तिने नणंदेचा हात धरला. तळहात इतका कठीण होता, की धरल्यावर चामड्याची चप्पल हातात यावी तसा लागला.

"तू सांग काय करायचं," ती म्हणाली. "तू सांगशील ते मी त्याच्याकडून करून घेईन. आई हाय मी त्याची."

"आणि मी बाप," अहमदमिया म्हणाले, आणि त्या क्षणी अर्ध्या अंगणाच्या लक्षात आलं की होडेकरांच्या घरातल्या बाजू बदलल्या आहेत.

इफ्फतने एक पाट ओढला, मशीनच्या ऐन पुढ्यात मांडला आणि त्यावर बसली.

"अद्नान, इकडे ये. हे मशीन कशाला घेतलंस?"

"माणसं कमी लागावीत म्हणून, फुफू. खोटं कशाला बोलू?"

"माणसं कमी करायला घेतलंस, की काम कमी करायला?"

"एकच ना ते?"

"एकच नाय रे बाबा." ती बोटं मोजत गेली. "चौघी उकडीवर. चौघी मशीनवर. सहा जणी घावणे, सांदणं, वडे, जे ह्याला जमत नाय ते. दर आठवड्याला अदलाबदल. चौदाच्या चौदा राहतील, मजुरी आज हाय तीच, आणि दुपारी बारा वाजता घरी. आतापर्यंत धुरात बसून आमचे दिवस गेले. ते वाचलेले तास आमचे. तुझ्या मशीनने कमी करायचे असतील तर तास कमी कर."

अद्नानने तोच हिशेब बोटांवर पुन्हा मोजला. मागून संदेश पुटपुटला, "बाकी मुद्दा बरोबर आहे." त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"मग मला काय उरलं, फुफू?" अद्नानने विचारलं. चिडून नव्हे, खरंच हिशेब लागत नव्हता म्हणून.

"तुला घर उरलं," इफ्फत म्हणाली.

अद्नानने मान वर केली. ओसरीच्या दारात त्याची मुलगी उभी होती, एका हातात भाकरीच्या चिंध्या, दुसऱ्या हातात आजोबांची काठी, आणि फोन कुठेच नव्हता. तो गुडघे टेकून फुफूच्या पाटासमोर बसला.

"एवढं करून परवडलं नाय तर?"

"तर बसू आपण असेच समोरासमोर आणि बघू," इफ्फत म्हणाली. "पण आधी सांगायचं. मागाहून नाय."

"कबूल," अद्नान म्हणाला.

काशीने मात्र हात पुसत विचारलंच, "आणि उद्या सांदणं करणारं मशीन निघालं तर वो?"

"तेव्हा काशी, तू बसायचं माझ्या ह्या पाटावर, आणि मी मागे उभी राहीन." इफ्फत उठली. "आण ती परात. पाणी काढ त्यातलं. अद्नान, तो पेला फेकून दे आधी."

*

साडेसातला मशीनने पहिली धड भाकरी बाहेर टाकली.

ती पांढरी होती, गोल होती आणि फुगलेली होती. पट्ट्यावरून ती डुलत पुढे आली तेव्हा सगळं अंगण श्वास रोखून उभं होतं. काशीने ती उचलली, मोडली, वाफ गेल्यावर तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"कडा जाड हाय," ती म्हणाली. मग डोळे उघडले. "पण भाकरी हाय!"

त्यानंतर मासूमाला जे आठवतं ते सगळं एकात एक मिसळलेलं. भाकऱ्या येत राहिल्या. आधी एकेक, मग जोडीने, मग अशा, की उचलणाऱ्या चौघींचे हात पुरेनात. टोपल्या भरल्या. पराती भरल्या. कुणीतरी ओरडलं, चादर आणा! कुणीतरी आयातच्या रुखवतातली कोरी चादर आणून पसरली, आणि वरून आयात किंचाळली, "ती नको! ती माझी हाय!" आणि पुढच्या क्षणाला ती स्वतःच खाली धावत आली, मेंदीचे हात डोक्यावर धरून, नवरीने घराबाहेर पडायचं नसतं हे तिला कुणीच सांगितलं नाही. अहमदमिया मशीनच्या तोंडाशी उभे राहून बोटीवर माल उतरवावा तसे हुकूम सोडत होते, "डावीकडे! डावीकडे! सांभाळ! पुढची येतेय!" तोंडात भाकरी असल्यामुळे त्यातले निम्मे शब्द कुणाला कळत नव्हते. गुहागरचे आणि बुरोंडीचे एका रांगेत उभे राहून टोपल्या पुढे देत होते, आणि हे पुढच्या दहा लग्नांत सांगण्यासारखं होतं.

आणि मशीन थांबत नव्हतं, कारण कुणालाच ते थांबवायचं नव्हतं. उकडीवरच्या बायकांना चेव आला होता. एक घाणा संपायच्या आत दुसरा तयार. लागणार होत्या दीड हजार. साडेदहाला काशीने मोजणं सोडून दिलं. शेवटी संदेशने येऊन बटण दाबलं तेव्हा ओटा, ओसरी, दोन खाटा आणि अहमदमियांची खुर्ची, सगळीकडे भाकऱ्याच भाकऱ्या होत्या. शेजारच्या कोळ्यांच्या घरांत टोपल्या गेल्या. बिर्याणीच्या डेगवाल्यांना गेल्या. नवरदेवाचा निरोप्या गाडीत चाळीस भाकऱ्या घेऊन गेला, निरोप मात्र शेवटपर्यंत दिला नाही.

मग एकदम शांत झालं. पावणेअकरा वाजले होते. चौदा बायका चुलींपाशी उभ्या होत्या, हात मोकळे, आणि त्या हातांचं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं. एकीने सवयीने परात घासायला घेतली; दुसरीने ती काढून घेतली.

"आता काय करायचं?" काशीने विचारलं.

"चला," मासूमा म्हणाली. "निकाह ऐकायला चला."

इफ्फत जागची हलली नाही. "आम्ही? अशा?" तिने स्वतःच्या कपड्यांकडे पाहिलं. पिठी, धूर, उकडीचे शिंतोडे.

"अशाच."

आतल्या खोलीत आयातला लाल ओढणी घालून बसवली होती. नटलेल्या पाहुण्या सरकल्या, आणि त्यांच्या मधोमध चौदा बायका अंग चोरून बसल्या. इफ्फत भाचीच्या अगदी शेजारी बसली आणि मासूमाच्या कानाशी लागून म्हणाली, "भाबी, बावीस वर्षांत शेकड्यांनी लग्नं केली मी. निकाह एक ऐकला नाय. बाहेर 'मुबारक, मुबारक' झालं की आम्हाला कळायचं, आता जेवणं सुरू होतील, हात चालवा."

मासूमाने मान वळवली. तिला नणंदेकडे बघवेना. बावीस वर्षं तीच इफ्फतला चुलीकडे पाठवत आली होती, आणि हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

दोन साक्षीदारांना घेऊन तहामामू आत आले. मासूमाचा हा बुरोंडीचा भाऊ नवरीची संमती घेणारा, निकाहातला वकील होता. केसांत थोडी पिठी अजून होती. ते घसा साफ करून कागद वाचायला लागले, मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, मेहेरची रक्कम, आणि शेवटी गंभीर आवाजात म्हणाले, "बेटा आयात, तुला हा निकाह कबूल आहे?"

आयातने मान खाली घातली. नवरीने लगेच बोलायचं नसतं, म्हणून ती थांबली. आणि त्या शांततेत, सकाळपासून ज्या जोशात सगळं चाललं होतं त्याच जोशात, काशी ठणठणीत आवाजात म्हणाली,

"कबूल हाय!"

तहामामूंनी कागदावरून मान वर केली.

"बाई," ते म्हणाले, "तुम्हाला नाय विचारलं."

मग जे हसू फुटलं ते भिंतींना आवरलं नाही. बाहेरच्या पुरुषांना वाटलं निकाह झाला, त्यांनी तिकडे 'मुबारक' सुरू केलं. अद्नान धावत त्यांना गप्प करायला गेला. काशीने पदर तोंडात कोंबला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आयात हसता हसता मासूमाच्या खांद्यावर कोसळली, आणि मासूमा तिला सावरताना हसत होती की रडत होती हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. एक लेकरू आज घरी येत होतं आणि एक आज घरातून जात होतं, आणि दोन्ही एकाच सकाळी.

शेवटी आयात सावरून बसली. ओढणी नीट केली. आणि हसू अजून ओठांवर असतानाच, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "कबूल आहे."

इफ्फत तिच्या तोंडाकडे बघत होती. लहान मुलीने पहिल्यांदा दर्या बघावा तशी.

"झालं?" तिने विचारलं. "एवढंच असतं?"

"तीनदा विचारतात, फुफू," आयात म्हणाली.

इफ्फतने पाय पोटाशी घेतले, पाठ भिंतीला टेकली, आणि पिठीने पांढरे झालेले दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मग विचारा, मामू," ती म्हणाली. "सावकाश विचारा. आज आम्हाला वेळ हाय."